ग्रंथालयात वायफाय लागत नाही : एका तक्रारीचं प्रकरण

जुलै-ऑगस्ट २०२४ मधल्या तीन आठवड्यांत आमच्या मदत-कक्षाच्या रजिस्टरमध्ये एकाच विद्यार्थिनीच्या नावापुढे चार नोंदी पडल्या. पहिली : लॅपटॉप वायफायला लागत नाही. शेरा : पासवर्ड बदलून दिला. दुसरी : अजूनही लागत नाही. शेरा : कक्षात आणून तपासला, लागतो. तिसरी : ग्रंथालयात लागत नाही. शेरा : ग्रंथालयातला ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र) बंद करून चालू केला. चौथ्या नोंदीत तक्रारीच्या जागी एवढंच होतं : मॅडमना भेटायचं आहे. शेऱ्याचा रकाना कोरा.

त्या मॅडम म्हणजे मी. पुण्यात शिवाजीनगर भागातल्या एका जुन्या कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय, कारण पहिल्या तीन शेऱ्यांपैकी एकही खोटा नव्हता. पासवर्ड खरंच बदलला होता, कक्षात लॅपटॉप खरंच लागला होता, ॲक्सेस पॉइंटही खरंच बंद-चालू केला होता. आणि एवढं होऊनही मुलगी तीन आठवडे स्वतःच्या फोनचा डेटा जाळून प्रोजेक्टचं काम करत होती.

ती एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बीड जिल्ह्यातून आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. आठवड्यातले तीन दिवस सकाळी कोथरूडला दोन घरी शिकवण्या घेते. लॅपटॉप सेकंडहँड, शिकवणीच्या पैशांतून घेतलेला. विंडोज १० चालतं, प्रोसेसर पाचव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. भेटल्या भेटल्या तिने जे वाक्य उच्चारलं ते माझ्या मनातून जात नाही. "मॅडम, सगळे म्हणतात लॅपटॉपच जुना आहे. पण नवा घेणं शक्य नाही. एकदा बघाल का?"

लॅपटॉप जुना होता हे खरं. पण त्यातलं वायफाय कार्ड ८०२.११एसी जातीचं होतं, आमच्या निम्म्या वर्गांमधल्या ॲक्सेस पॉइंटइतकंच. जुना आहे म्हणून लागत नाही, हे निदान नव्हे. तपासायचा कंटाळा आला की आपल्या धंद्यात हे वाक्य तोंडात येतं.

आधी काय काय झालं होतं

घरचं वायफाय आणि कॅम्पसचं वायफाय यांत एक मोठा फरक आहे. तो समजल्याशिवाय पुढचं काही उलगडणार नाही. घरी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो आणि राउटर तो जुळतो का एवढंच पाहतो. आमच्याकडे प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. ॲक्सेस पॉइंट स्वतः काहीच ठरवत नाही, तो निरोप्याचं काम करतो. ठरवतो तो आत सर्व्हर रूममध्ये बसलेला रेडियस सर्व्हर. या पद्धतीला डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ म्हणतात आणि तिच्या मुळाशी ८०२.१एक्स हे मानक आहे. एका संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेत वायफाय देणारं एज्युरोम, जे भारतात अर्नेट इंडिया चालवते, तेही याच पायावर उभं आहे. तेव्हा इथे जे घडलं ते आमच्याच कॉलेजात घडू शकतं असं मुळीच नाही.

पहिल्या तक्रारीला कक्षातल्या मुलाने पासवर्ड बदलून दिला. दहापैकी आठ तक्रारी त्यानेच मिटतात, त्यामुळे त्याला दोष देत नाही. पण त्यातून एक नवीन गुंता झाला. तिच्या फोनमध्ये जुना पासवर्ड तसाच राहिला. फोन खिशात असताना दर थोड्या वेळाने आपण होऊन वायफायला लागायचा प्रयत्न करायचा आणि सर्व्हरकडून नकार घ्यायचा. ठरावीक वेळा नकार झाला की आमचा सर्व्हर ते खातं पंधरा मिनिटं बंद ठेवतो. म्हणजे आता खरोखरच पासवर्डचं दुखणं सुरू झालं होतं, आणि सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडणाऱ्या कोणालाही पहिल्याच पानावर 'पासवर्ड चुकीचा' अशा ओळींची रांग दिसत होती. तिने फोनमध्ये नवा पासवर्ड टाकल्यावर ती रांग थांबली. लॅपटॉपची तक्रार मात्र जशीच्या तशी.

दुसऱ्यांदा ती कक्षात लॅपटॉप घेऊन आली तेव्हा तो पाच सेकंदांत लागला. मुलाने "हा बघ, लागला की" म्हणून नोंद बंद केली. ती ओशाळून परत गेली. तो का लागला, याचं उत्तर पुढे येतंच.

तिसऱ्या वेळी तिने स्वतःच एक सूत्र मांडलं : नव्या इमारतीत लागतो, ग्रंथालयात लागत नाही. हे सूत्र फार पटण्यासारखं होतं. आमचं ग्रंथालय जुन्या दगडी इमारतीत आहे. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, उंच छत, मध्ये लोखंडी कपाटांच्या रांगा. वायफायच्या लहरींना दगड आणि लोखंड दोन्ही जड जातात, विशेषतः पाच गिगाहर्ट्झच्या. त्यामुळे ग्रंथालयाविषयीच्या तक्रारी आम्हाला नव्या नाहीत. ॲक्सेस पॉइंट बंद-चालू झाला आणि सगळे समाधानाने आपापल्या कामाला लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

तिच्या शेजारी बसून

बुधवारी साडेअकराला मी ग्रंथालयात तिच्या टेबलाशी जाऊन बसले. आधी माझ्या फोनवर सिग्नल मोजला. उणे ५८ डीबीएम. उणे ७० च्या खाली गेलं की कुरबुरी सुरू होतात, ५८ म्हणजे उत्तम. आजूबाजूला पंधरा-वीस मुलं त्याच ॲक्सेस पॉइंटवर निवांत काम करत होती. दगडी भिंतीचा विषय तिथेच मिटला.

मग तिला म्हटलं, "तू रोज जे करतेस तेच कर. मी मध्ये बोलणार नाही."

तिने चार्जर लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या. तिने न वाचता एफ-वन दाबलं, पडदा गेला, विंडोज सुरू झालं. वायफायच्या यादीतून कॉलेजचं नाव निवडलं, थोडा वेळ गोल फिरला आणि उत्तर आलं : या नेटवर्कशी कनेक्ट होऊ शकत नाही. बस, एवढंच. कारण नाही, काही नाही. सवयीने तिचा हात फोनच्या हॉटस्पॉटकडे गेला.

"थांब," मी म्हटलं. "मघाशी एफ-वन कशासाठी दाबलंस?"

"ते नेहमी येतं मॅडम. दुकानदाराने सांगितलं होतं, एफ-वन दाबायचं की जातं."

"नेहमी म्हणजे रोज?"

ती विचार करू लागली. "रोज नाही... शिकवणीच्या दिवशी येतं."

इथे मला पहिल्यांदा धागा हाताला लागल्यासारखं वाटलं. शिकवणी सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी ती साडेसहाला खोलीतून निघते, कोथरूडच्या शिकवण्या, मग मेस, आणि साडेअकराच्या सुमारास थेट ग्रंथालय. मंगळवारी आणि गुरुवारी पहिलाच तास नव्या इमारतीत असतो, त्यामुळे खोलीतून चालत सरळ वर्गात. म्हणजे तिचं 'नवी इमारत आणि ग्रंथालय' हे सूत्र खरं तर 'मंगळवार-गुरुवार आणि बाकीचे दिवस' असं होतं. जागा बदलत होती तसा वारही बदलत होता, आणि आम्ही सगळे जागेकडे पाहत बसलो होतो.

लॅपटॉपची मुख्य बॅटरीही थकलेली होती. चार्जर काढला की जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं चालायची. ती झाकण मिटून लॅपटॉप झोपवून नेत असे. झोपेत तो दोन-तीन तास तग धरायचा. वर्गात सरळ आली की झाकण उघडताच जागा. कोथरूडमार्गे आली की बॅटरी वाटेतच पार संपलेली.

लॉगमध्ये हरवलेले प्रयत्न

तिच्याच समोर मी आधी आमच्या सर्व्हरचा लॉग उघडला. तिच्या खात्याच्या ओळी दोन वेगवेगळ्या उपकरणांवरून येत होत्या. प्रत्येक वायफाय कार्डाला सोळाच्या पद्धतीतले बारा अंक-अक्षरांचा पत्ता असतो. अँड्रॉइड १० पासून फोन स्वतःचा खरा पत्ता लपवून बनावट पत्ता वापरतात, आणि तो ओळखायची सोपी खूण म्हणजे पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. 'पासवर्ड चुकीचा' म्हणणाऱ्या सगळ्या जुन्या ओळी अशाच बनावट पत्त्याच्या होत्या. म्हणजे फोनच्या. लॅपटॉपच्या ओळी वेगळ्या होत्या आणि त्यांत एकही नकार नव्हता. लॅपटॉपने नाव सांगितलं, सर्व्हरने आपलं प्रमाणपत्र पुढे केलं, आणि तिथे संवाद तुटला. दर वेळी त्याच पायरीवर. पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती.

तिने पासवर्ड तर टाईप केला होता. पण खिडकीत टाईप केलेला पासवर्ड लगेच हवेत जात नाही. आमच्या पद्धतीत, जिला पीईएपी म्हणतात, आधी सर्व्हर आपली ओळख पटवून देतो, मग दोघांमध्ये एक सुरक्षित बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून पासवर्डची देवाणघेवाण होते. पहिली पायरीच अडली तर पासवर्ड बरोबर आहे की चूक हे कोणालाच कळत नाही. बदलून दिलेला तो पासवर्ड लॅपटॉपच्या बाबतीत कामालाच आला नव्हता.

आता लॅपटॉपची बाजू. विंडोज वायफायच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ठेवतं. मी आजच्या तारखेचा, पाच मिनिटांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत फसलेला प्रयत्न शोधू लागले. नव्हता. सोमवारचाही नव्हता. मंगळवारचा होता, तो यशस्वी. तारखेच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावला आणि पार तळाला गेले. तिथे सगळे होते. एकाखाली एक, तीन आठवड्यांचे फसलेले प्रयत्न, आणि प्रत्येकाची तारीख १ जानेवारी २०१५. वेळ रात्री १२ वाजून ३ मिनिटं. १२ वाजून ४ मिनिटं. १२ वाजून ३ मिनिटं.

मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. घड्याळ १२ वाजून ११ मिनिटं दाखवत होतं, तारीख तीच, ०१-०१-२०१५.

"हो, हे असं होतं," ती म्हणाली. "हॉटस्पॉट लावला की वेबसाइट उघडत नाहीत, घड्याळ मागे आहे म्हणतात. मग मी तारीख नीट करते. त्याचा वायफायशी काय संबंध?"

संबंध होता. ती हॉटस्पॉटवर तारीख नीट करायची आणि तिथेच काम सुरू ठेवायची, कॉलेजच्या वायफायकडे पुन्हा वळायची नाही. दुसऱ्या तक्रारीच्या दिवशी ती हॉटस्पॉटवर काम करून, म्हणजे तारीख नीट करून, मग कक्षात आली होती. म्हणून तिथे लॅपटॉप लागला. तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही तिला हा एक प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारल्याशिवाय तिने तो सांगण्याचं कारणही नव्हतं. काळ्या पडद्याच्या दोन ओळी आणि मागे पडणारं घड्याळ ही तिच्या लेखी जुन्या लॅपटॉपची दुखणी होती आणि वायफाय हे कॉलेजचं दुखणं.

घड्याळ आणि ओळख

सर्व्हरचं प्रमाणपत्र म्हणजे त्याचं ओळखपत्र. लॅपटॉप त्यात तीन गोष्टी तपासतो : ते कोणी दिलं, कोणाच्या नावाने दिलं, आणि कधीपासून कधीपर्यंत चालतं. आमचं प्रमाणपत्र मार्च २०२४ पासून चालू होतं. ज्या लॅपटॉपच्या मते आज २०१५ सालातला पहिला दिवस आहे, त्याला समोरून नऊ वर्षांनी सुरू होणारं ओळखपत्र दाखवलं जात होतं. त्याने ते नाकारलं. त्याच्या जागी तो बरोबरच होता. आम्ही तीन आठवडे समजत होतो की कॉलेज लॅपटॉपला आत घेत नाही. खरं तर लॅपटॉप कॉलेजवर विश्वास ठेवत नव्हता.

आणि यात एक वाईट पेच आहे. नेटवर्क मिळालं तर लॅपटॉप इंटरनेटवरून वेळ जुळवून घेईल, पण वेळ बरोबर असल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण मला त्या टेबलावर अक्षरशः पडद्यावर घडताना दिसली.

खात्रीसाठी त्याच दुपारी सर्व्हर रूममधल्या एका धडधाकट लॅपटॉपवर प्रयोग केला. तारीख प्रमाणपत्राच्या आदल्या दिवसावर नेली, बंद करून चालू केला : नकार, आणि शब्दही तेच. तारीख दोन दिवसांनी पुढे नेली, पुन्हा बंद करून चालू केला : लगेच लागला. बाकी काहीच बदललं नव्हतं.

कक्षातला मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मग सेटिंगमधली सर्व्हर पडताळणीची खूण काढून टाकू का? लगेच लागेल." त्याला मी ती खूण काढायला लावली, तिच्या लॅपटॉपवर, २०१५ ची तारीख तशीच ठेवून. लगेच लागला. निदान पक्कं झालं. मग मी ती खूण परत लावायला लावली आणि लॅपटॉपचं कनेक्शन पुन्हा तुटलं.

त्याचा चेहरा पडला, आणि त्याला कारण सांगणं मला गरजेचं वाटलं. ही खूण काढून टाकायचा सल्ला मी अनेक ठिकाणी, शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलाय, आणि तो मला फार धोक्याचा वाटतो. ती खूण काढली की लॅपटॉप समोरच्याचं ओळखपत्र पाहणंच सोडून देतो. मग कोणीही फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत बसून आमच्या कॉलेजच्या वायफायचं नाव आपल्या यंत्राला देऊ शकतो, आणि तिथून जाणारा तिचा लॅपटॉप आपण होऊन त्याच्याशी बोलायला लागतो. बोगद्यातून पासवर्ड उघडा जात नाही, एमएस-चॅप-व्ही२ नावाच्या कोड्यातून जातो हे खरं. पण ते कोडं दुबळं आहे. २०१२ मध्ये डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी ते डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या एकाच किल्लीच्या शोधापर्यंत आणून दाखवलं. म्हणजे पुरेसा वेळ आणि यंत्रबळ असेल तर ते सुटणारच. आमच्याकडे ज्या पासवर्डने वायफाय लागतं त्याच पासवर्डने ई-मेल उघडतो, परीक्षेचा अर्ज भरला जातो, फीची पावती निघते. एका मुलीला ग्रंथालयात वायफाय मिळावं म्हणून तिची ही सगळी दारं उघडी ठेवायची, हे माझ्या हातून होणार नाही.

बटन सेल

घड्याळ सारखं २०१५ वर का जात होतं, ते आता सोपं होतं. लॅपटॉप पूर्ण बंद असतानाही त्याचं घड्याळ मदरबोर्डला जोडलेल्या एका छोट्या सेलवर चालू राहतं. लोक त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. तो संपला, तरी मुख्य बॅटरीत जीव असेपर्यंत घड्याळ तिच्यावर भागवून घेतं. दोन्ही संपल्या की कारखान्यातल्या तारखेवर परत. काळ्या पडद्यावरच्या त्या दोन ओळी नेमकं हेच सांगत होत्या की तारीख-वेळ लावलेली नाही.

गुरुवारी तास संपल्यावर ती आली. चार्जर काढला, लॅपटॉप पालथा घातला, बारीक स्क्रू एका वाटीत जमा केले. झाकण निघाल्यावर आधी मुख्य बॅटरीची पिन सोडवली आणि चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं, आत उरलेला करंट जावा म्हणून. सेल टचपॅडच्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवलेला होता : रुपयाच्या नाण्याएवढा, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, एक लाल आणि एक काळी वायर, टोकाला दोन भोकांची पांढरी पिन. मल्टीमीटर लावला. तीन व्होल्ट असायला हवेत, होते अर्ध्याहूनही कमी.

आतला सेल नेहमीचा सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. हा कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पण लॅपटॉपचा वायर आणि पिनसकट लागतो, आणि पिनेत लाल-काळ्याची जागा कंपनीगणिक उलटसुलट असते. उलटा लावला तर बोर्डाला इजा होऊ शकते. म्हणून तिला जुना सेलच बरोबर दिला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत पाठवलं. "नुसता सेल देतो, वायर तुम्ही डकवा असं म्हणाले तर घेऊ नकोस. पिन शेजारी ठेवून लाल वायर कुठल्या बाजूला आहे ते स्वतः बघ," एवढं सांगितलं. तासाभराने ती दीडशे रुपयांचा सेल घेऊन परतली. तीन दुकानं फिरली होती. पहिल्या दोन ठिकाणी पिन उलटी होती आणि ते तिनेच ओळखलं होतं. हे सांगताना तिचा आवाज पहिल्या दिवसापेक्षा वेगळा होता.

सेल तिनेच बसवला. मी फक्त टॉर्च धरला. मग मुख्य बॅटरी आणि चार्जर दोन्ही सुटे ठेवून लॅपटॉप जेवणाच्या सुट्टीभर तसाच टेबलावर ठेवला. तासाभराने सगळं जोडून चालू केला तेव्हा एकदा काळा पडदा आला, कारण सेल बदलताना तारीख गेलीच होती. ती लावली, बंद केला, पुन्हा तासभर सुटा ठेवला. या खेपेला काळा पडदा आला नाही. कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळलं आणि वायफाय आपण होऊन लागलं.

आमच्याकडे काय बदललं

कक्षाच्या रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढलाय : लॅपटॉपच्या कोपऱ्यात आज कुठली तारीख दिसते. मुलं ती वाचून दाखवतात आणि आम्ही लिहून घेतो. तिसऱ्याच आठवड्यात आणखी एक लॅपटॉप सापडला, २०१७ मध्ये अडकलेला.

दुसरं काम जास्त वेळखाऊ होतं. आमच्याकडे नव्या मुलांसाठी एक उघडं वायफाय आहे, ज्यावरून फक्त सेटिंगची फाईल उतरवता येते. त्यावर आता वेळ जुळवण्याची वाहतूकही जाऊ देतो. पण तेवढ्याने तिच्यासारख्या लॅपटॉपचं भागलं नसतं. संस्थेच्या डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामायिक व्यवस्थापनाखाली, नसलेल्या विंडोज लॅपटॉपवर घड्याळ पंधरा तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर वेळेची सेवा सहसा ते दुरुस्तच करत नाही, फरक फार मोठा आहे म्हणून सोडून देते. आधी तारीख हाताने जवळपास आणावी लागते. म्हणून त्या उघड्या वायफायला लागल्यावर येणाऱ्या पहिल्या पानावरच सर्व्हरची तारीख-वेळ आणि लॅपटॉपची तारीख-वेळ शेजारी शेजारी मोठ्या अक्षरांत दिसते, आणि फरक असेल तर लाल होते. हे एकच पान आम्ही मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलंय, त्यावर लॉगिन नाही की फाईल नाही. सुरक्षित एचटीटीपीएसवर ठेवलं असतं तर ज्याचं घड्याळ चुकलंय त्याच्याच ब्राउझरने ते उघडायला नकार दिला असता, पुन्हा त्याच कारणाने.

तिसरी गोष्ट कॉम्प्युटर विभागातल्या एका मुलामुळे लक्षात आली. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं, त्यामुळे विंडोज उघडलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. एरवी याने वायफाय अडत नाही. पण ज्या दिवशी आम्ही सर्व्हरवर नवं कोरं प्रमाणपत्र चढवू, त्या दिवशी अशा सगळ्या लॅपटॉपना साडेपाच तास नकार मिळेल आणि रजिस्टर भरून जाईल. आमचं हे प्रमाणपत्र मार्च २०२६ पर्यंतचं. पुढचं बनवताना ते आठवडाभर आधी तयार करून ठेवायचं आणि मगच सर्व्हरवर लावायचं, असं सर्व्हर रूमच्या भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवलंय.

त्या शुक्रवारी ती शिकवणीवरून थेट ग्रंथालयात गेली. साडेअकराला लॉगमध्ये तिच्या लॅपटॉपची ओळ आली, प्रमाणपत्राची पायरी ओलांडून पुढे गेलेली. मी रजिस्टर मागवून घेतलं आणि चौथ्या नोंदीसमोर लिहिलं : बटन सेल संपला होता, बदलला. पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता.